प्रकल्प नोंदी: फक्त नेमलेल्या पडताळकालाच तपासता येईल अशी क्वांटम सही

१३ जानेवारी २०२५: काय हवे आहे

पुरवठादार खरेदीदाराला दरपत्रक देतो. दर त्याचाच आहे, मध्ये कुणी बदललेला नाही, याची खात्री खरेदीदाराला हवी. पण तेच दरपत्रक सहीसकट दुसऱ्या पुरवठादारापुढे टाकून "बघा, हा एवढ्यात देतोय, तुम्ही खाली या" असे त्याला म्हणता येऊ नये. नेहमीची डिजिटल सही इथे नडते, कारण ती कुणालाही तपासता येते.

याकोबसन, साको आणि इम्पाग्लियाझो यांनी १९९६ मध्ये याला जी तोड काढली तिचा गाभा असा: सही पटावी फक्त नेमलेल्या पडताळकाला, कारण तशीच सही तो स्वतःही बनवू शकतो. आपण सही केलेली नाही हे त्याला ठाऊक असते, म्हणून उरतो एकच. तिऱ्हाईताला मात्र दोघांपैकी कुणाची ते कळायला मार्ग नाही. त्याहून कडक प्रकारात पडताळकाच्या गुप्त किल्लीशिवाय सही तपासताच येत नाही. आपल्याला हा कडक प्रकार हवा. त्यांची मूळ रचना डिस्क्रीट लॉग या अवघड गणिती प्रश्नावर उभी आहे आणि क्वांटम संगणकावर तो सोडवणाऱ्या शोरच्या १९९४ च्या अल्गोरिदमपुढे ती टिकत नाही. म्हणून किल्ल्या क्वांटम मार्गाने घ्यायच्या आणि सुरक्षा गणिती अवघडपणावर सोडायची नाही.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. गॉट्समन आणि चुआंग यांच्या २००१ च्या शोधनिबंधापासून क्वांटम सह्यांवर जे काम झाले, त्यातली बरीच मेहनत आपल्या गरजेच्या नेमकी उलट दिशेने आहे. सही एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी मान्य व्हावी, यासाठी दोन्ही ग्राहक आपापल्या किल्लीचा अर्धा भाग एकमेकांशी गुपचूप बदलतात आणि स्वीकारायच्या मर्यादा दोन ठेवतात: थेट आलेल्या सहीसाठी कडक, दुसऱ्याकडून आलेल्या सहीसाठी थोडी सैल. आपल्या रचनेत हे दोन्ही गाळायचे. तेवढे सोपे आहे. सही दुसऱ्याला पटवण्याची इतर जी साधने व्यवस्थेत नकळत उरतात, ती शोधून बंद करणे हे खरे काम.

१६ जानेवारी: पाउली किल्लीवरच्या सह्या

या विषयावरच्या अनेक रचना एकाच साच्यातल्या आहेत. संदेशाच्या प्रत्येक क्युबिटवर (क्वांटम बिटावर) दोन किल्ली-बिटांनुसार एक्स (० आणि १ ची अदलाबदल) आणि झेड (१ चे चिन्ह उलटवणे) या पाउली क्रिया लावायच्या, जी अवस्था तयार होईल ती सही. संदेश आणि सही दोन्ही पाठवायचे. पडताळक किल्लीने सही उलटवतो आणि संदेशाशी जुळवतो.

किसकिट या क्वांटम प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीत ८ क्युबिट आणि १६ किल्ली-बिट घेऊन हे उभे केले आणि गाओ व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलेला हल्ला चालवला. हल्लेखोर संदेशावर हवे ते पाउली लावतो आणि तेच पाउली सहीवरही लावतो. पाउली आपसांत जागा बदलतात, फार तर उणे चिन्ह येते, आणि ते चिन्ह सगळ्या अवस्थेला सारखेच लागत असल्याने मोजमापात दिसत नाही. बदललेली जोडी पडताळणीत दर वेळी बिनचूक पास होते. किल्लीतला एकही बिट माहीत असावा लागत नाही. ८ क्युबिटांवर असे ४^८ − १, म्हणजे ६५,५३५ बदल शक्य आहेत. संदेश साधा ०-१ चा असला तर झेडने काही बदलत नाही, पण एक्सने २५५ वेगळे खोटे संदेश तयार होतात. दरपत्रकातला कोणताही बिट उलटवायला एवढे पुरते.

किल्ली लांब करून हे सुटत नाही. दोष पाउली गटाच्या रचनेत आहे.

त्यातच दुसरी गळती. संदेश ०-१ चा असेल आणि तिऱ्हाईताला तो माहीत असेल, तर त्याने सही नुसती मोजली तरी एक्सचे सगळे किल्ली-बिट हाती येतात. अर्धी किल्ली गेली. तीच किल्ली पुन्हा वापरली की पुढची सही तिऱ्हाईतही तपासू शकतो आणि "फक्त नेमलेला" हे विशेषण गळून पडते.

२० जानेवारी: स्वॅप टेस्टचा हिशोब

अशा रचनांमध्ये दोन अज्ञात अवस्था जुळतात का हे स्वॅप टेस्टने पाहायला सांगतात. अवस्था सारख्या असतील तर उत्तर नेहमी ० येते. एकमेकींना पूर्ण लंब असतील तरी ० येण्याची शक्यता निम्मी राहते. म्हणजे ढळढळीत खोटी सहीसुद्धा एका चाचणीत ५० टक्के वेळा सुटते. ती सुटण्याची शक्यता १० लाखांत एकाच्या आसपास आणायची तर २० प्रती लागतात.

अवस्था थोड्याशाच वेगळ्या असल्या तर गणित आणखी बिघडते. आंतरगुणाकाराचा वर्ग (अवस्था किती जुळतात त्याचे माप, पूर्ण जुळल्यास १) ०.९ असेल तर एक चाचणी पास होण्याची शक्यता ०.९५. २० प्रती वापरूनही ०.९५^२० ≈ ०.३६. तीनातली एकाहून जास्त खोटी सही सुटली.

यंत्रावर चालवायचे म्हटले तर प्रत्येक क्युबिटमागे एक फ्रेडकिन गेट (नियंत्रित अदलाबदल), म्हणजे साध्या पद्धतीने ८ सीनॉट (दोन क्युबिटांवरची मूलभूत क्रिया). ८ क्युबिटांना ६४ सीनॉट. प्रत्येक सीनॉटमध्ये १ टक्का चूक धरली तर एकही चूक न होता फेरी पार पडण्याची शक्यता ०.९९^६४ ≈ ०.५३. मग नाकारलेली सही खोटी होती की गेट चुकले, हे सांगता येत नाही. शिवाय २० प्रती पाठवायच्या म्हणजे एकाच किल्लीखालच्या २० अवस्था वाटेत तिऱ्हाईताच्या हाती पडू देणे. परवाची गळती इथे २० पट सोयीची होते.

स्वॅप टेस्ट बाद.

२८ जानेवारी: संदेशच क्वांटम असेल तर

पाउलीच्या जागी क्लिफर्ड, म्हणजे एका पाउलीला दुसऱ्या पाउलीत बदलणाऱ्या क्रिया. बार्नम, क्रेपो, गॉट्समन, स्मिथ आणि टॅप यांनी २००२ मध्ये दाखवले की क्वांटम अवस्थेवर सर्वांना तपासता येईल अशी सही करताच येत नाही. गुप्त किल्ली वाटून घेतलेल्या दोघांत मात्र तिचे प्रमाणीकरण होऊ शकते, आणि ते करताना अवस्था सांकेतिक करावीच लागते. पुढे अलाजिक, गॅग्लियार्डोनी आणि मायेन्झ यांनी हीच मर्यादा अधिक व्यापक रूपात मांडली आणि ठरलेल्या ग्राहकासाठी सही व सांकेतिकीकरण एकत्र करण्याचा मार्ग मोकळा असल्याचे दाखवले. आपल्याला याचा अर्थ फार मोलाचा आहे: क्वांटम संदेशासाठी "फक्त नेमलेल्याला तपासता येणारी" हा सहीचा एक प्रकार नसून तेवढाच प्रकार शक्य आहे.

रचना: १ संदेश-क्युबिट, त्याला ८ सापळा-क्युबिट शून्य अवस्थेत जोडायचे, ९ क्युबिटांवर किल्लीनुसार निवडलेला क्लिफर्ड लावायचा आणि एवढेच पाठवायचे. सोबत उघडा संदेश जात नाही. पडताळक क्लिफर्ड उलटवतो, सापळे मोजतो, आठही ० आले तरच स्वीकारतो.

हल्लेखोराने वाटेत लावलेला पाउली क्लिफर्ड उलटवल्यावर कोणत्याही दुसऱ्या पाउलीत सारख्याच शक्यतेने बदलतो. सापळ्यांना न हलवणारे पाउली ४ × २५६ − १ = १,०२३, एकूण पाउली ४^९ − १ = २,६२,१४३. बदल पकडला न जाण्याची शक्यता ०.००३९. १६ जानेवारीचा हल्ला इथे अडतो.

किंमत किल्लीत मोजावी लागते. क्ष क्युबिटांच्या क्लिफर्डला साधारण २क्ष² + ३क्ष बिट लागतात, ९ क्युबिटांना १८९. सापळे २० केले तर चूक १० लाखांत एकाखाली जाते पण २१ क्युबिटांना ९४५ बिट जातात. हे सगळे एका क्युबिटसाठी. किसकिटचे यादृच्छिक क्लिफर्ड देणारे फंक्शन सीड (यादृच्छिक निवडीचा आरंभीचा आकडा) घेते. तिथे १८९ बिटांऐवजी ३२ बिटांचा सीड दिला तर खऱ्या किल्ल्या २^३२ च उरतात, वर काढलेली सुरक्षा मग लागू होत नाही. किल्लीतून सिम्प्लेक्टिक मॅट्रिक्स (क्लिफर्ड ठरवणारा ०-१ चा तक्ता) थेट बांधावी.

दरपत्रक साधा मजकूर आहे. त्याला क्युबिटांत गुंतवण्याचे कारण नाही. हा भाग बाजूला.

४ फेब्रुवारी: साध्या मजकुरासाठी टॅग

बीबी८४ या क्वांटम किल्ली-वाटपाच्या (क्यूकेडी) पद्धतीने किल्ली घ्यायची आणि वेगमन-कार्टर पद्धतीचा एकदाच वापरायचा टॅग (मजकुराचा खरेपणा तपासणारा छोटा आकडा) लावायचा. किल्लीचे दोन भाग: गुप्त बिंदू क आणि मुखवटा र. मजकुराचे खंड पाडून परिमित क्षेत्रात (मोजक्याच संख्यांच्या गणितात) क या बिंदूवर बहुपदीची किंमत काढायची, तिच्यावर र एक्सॉर (बिटाबिटाची हातच्याशिवाय बेरीज) करायचा. तो टॅग ट.

प्रत्येक खंडाला एकच पायरी: आतापर्यंतच्या बेरजेत खंड मिळवा, क ने गुणा. बेरीज ० पासून सुरू होते, म्हणून मजकुराच्या आरंभी शून्यांचे खंड वाढवले तरी उत्तर तेच राहते. शेवटच्या अपुऱ्या खंडात शून्ये भरली तर "१२००" आणि त्यामागे शून्य-बाइट जोडलेला मजकूर, दोन्हींचा टॅग एकच. म्हणून सगळ्यात शेवटी मजकुराची बिटांतली लांबी एक स्वतंत्र खंड म्हणून घालणे सक्तीचे. दरपत्रकाच्या बाबतीत ही पायरी गाळणे म्हणजे खोट्या सहीला दार उघडे ठेवणे.

१२८ बिटांच्या क्षेत्रासाठी जीसीएम या प्रचलित सांकेतिकीकरण पद्धतीतला गुणाकार तयार मिळतो, पण त्यात बिटांचा क्रम उलटा धरतात. एका टोकाला तयार लायब्ररी आणि दुसऱ्या टोकाला हाताने लिहिलेला गुणाकार असला की टॅग कधीच जुळत नाहीत. हा बिघाड निदान लगेच दिसतो. दोन्ही टोके एकाच क्रमाने, क्षेत्र ठरवणारे तेच चुकीचे बहुपद वापरत असतील तर टॅग छान जुळतात आणि सुरक्षा मात्र गेलेली असते. त्यामुळे बहुपद अविभाज्य आहे हे वेगळे तपासावे.

र पुन्हा वापरला तर काय होते तेही करून पाहिले. दोन टॅगांची एक्सॉर घेतली की र निघून जातो आणि फक्त क हा अज्ञात असलेले बहुपद उरते. त्याची मुळे काढणे संगणकाला अवघड नाही. जीसीएममध्ये नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) पुन्हा वापरण्याविरुद्ध झूने २००६ मध्ये दिलेला इशारा हाच.

११ फेब्रुवारी: किल्लीचा हिशोब

बीबी८४ चे अनुकरण. चाळणीनंतर (दोघांची मोजायची पद्धत जुळलेलेच बिट ठेवून) १०,००० बिट, त्यांतले २,००० त्रुटी मोजायला, ८,००० किल्लीसाठी. त्रुटीदर २ टक्के, त्रुटी दुरुस्तीची कार्यक्षमता १.१६ (आदर्शाच्या १.१६ पट बिट उघड होतात).

अनंत लांबीचे सूत्र लावले तर दर ०.६९ येतो आणि ८,००० मधून सुमारे ५,५५० गुप्त बिट मिळतात. १२८ + १२८ बिटांच्या टॅगाने २१ सह्या. कागदावर झकास.

प्रत्यक्षात २,००० बिटांच्या नमुन्यावरून बाकीच्या ८,००० बिटांबद्दल बोलायचे असते. टोमामिचेल व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या मर्यादित-किल्ली सूत्रात अपयशाची शक्यता १०^−१० धरली तर नमुन्याची भर ०.१२४ निघते. म्हणजे २ टक्क्यांच्या जागी १४.४ टक्के त्रुटी धरून गुप्तता काढावी लागते. त्या त्रुटीची एन्ट्रॉपी (अनिश्चिततेचे माप) ०.५९४. ८,००० मधून ३,२५० उरतात, दुरुस्तीत उघड झालेले १,३१० वजा, शेवटचे लॉगचे पद १०० वजा. हाती १,८४०. सह्या ७.

२१ आणि ७ मधला हा फरक यंत्रातल्या गोंगाटाचा नाही, नमुना लहान असल्याचा आहे. गठ्ठा मोठा घेतला की तो आपोआप कमी होतो. किल्ली थेंबाथेंबाने काढून लगेच खर्च करू नये, साठू द्यावी आणि मोठ्या गठ्ठ्यावर प्रक्रिया करावी.

आता टॅगाची लांबी. १२८ बिटांत १ एमबी मजकुरासाठी खोटी सही जमण्याची शक्यता २^−११२. पण किल्लीच मुळात १०^−१० पर्यंत खात्रीची आहे. साखळी त्या कडीपाशी तुटणार असेल तर टॅगावर जास्तीचे बिट खर्चून उपयोग नाही. ६४ बिटांच्या क्षेत्रात (बहुपद क्ष^६४ + क्ष^४ + क्ष^३ + क्ष + १) १ एमबीचे १,३१,०७२ खंड आणि लांबीचा एक, म्हणून शक्यता २^−४७, म्हणजे ७ × १०^−१५. पुरेसे आहे. एका सहीला १२८ बिट, १,८४० मध्ये १४ सह्या.

दरपत्रक छोटे, ३२ बाइट. त्याच्यावर एकदाच वापरायचे पॅडही (मजकुराइतकीच लांब किल्ली एक्सॉर करून तो झाकणे) लावायचे ठरले: २५६ + १२८ = ३८४ बिट. १,८४० मध्ये ४ दरपत्रके. पॅड का हवे ते पुढच्या नोंदीत.

१४ फेब्रुवारी: क दर वेळी नवा

वेगमन-कार्टर पद्धतीत क तोच ठेवून फक्त र बदलला तरी खोट्या सहीपासून संरक्षण टिकते आणि सहीमागे ६४ बिट वाचतात. मोह मोठा आहे. तरी नको, आणि कारण नेमलेल्या पडताळकाशीच जोडलेले आहे.

पडताळकाला किल्ली उघडून दाखवता येणे हा या रचनेचा हक्काचा भाग आहे. वाटेत पकडलेला कोणताही ट घ्या, मनातले कोणतेही दरपत्रक घ्या, कोणताही क घ्या. र = ट एक्सॉर (त्या दरपत्रकाची क वरची किंमत) असा ठेवला की सही खरी ठरते. मजकुरावर पॅड असेल तर तेही तसेच हवे तसे उलगडता येते. म्हणून पडताळकाने तिऱ्हाईताला "ही बघ किल्ली, ही बघ सही" म्हटले तरी तिऱ्हाईताच्या हाती काहीच लागत नाही. पॅडऐवजी एईएस हे छोट्या किल्लीचे नेहमीचे सांकेतिकीकरण वापरले असते तर वाटेत पकडलेला सांकेतिक मजकूर हव्या त्या दरपत्रकात उलगडता आला नसता.

क सामाईक असेल तर ५ व्या सहीची किल्ली उघडताच ६ व्या सहीचा क बाहेर पडतो. ६ वी सही वाटेत असेल तर तिऱ्हाईत दोन मजकुरांच्या किमतींचा फरक ट मध्ये मिळवून तिच्याखाली दुसरा मजकूर घालू शकतो, र माहीत नसतानाही. ६४ बिट वाचवून हा धोका घेण्यात अर्थ नाही.

२५ फेब्रुवारी: पुरावा कुठे कुठे उरतो

गणिताच्या पातळीवर सहीकर्त्याचे आणि पडताळकाचे टॅग तंतोतंत एकाच वितरणातले आहेत, दोन्हींत शून्य फरक. म्हणून चाचणी गणिताची नाही, अंमलबजावणीची. दोघांच्या प्रोग्रॅममधून प्रत्येकी १०,००० पाकिटे (मजकूर, टॅग आणि सोबतचे रकाने) काढायची आणि टॅग वगळून बाकीच्या रकान्यांवरून कुणाचे पाकीट ते ओळखता येते का पाहायचे. वेळ, अनुक्रमांक, जेसन या मांडणीतला रकान्यांचा क्रम, आवृत्ती क्रमांक: यांतला कोणताही एक वेगळा पडला तर सही कुणाची ते उघड. पाकिटात आता फक्त किल्लीच्या खणाचा (एका सहीपुरत्या तुकड्याचा) क्रमांक, सांकेतिक मजकूर आणि टॅग.

सगळ्यात घातक गळती ईमेलची आहे. पाकीट ईमेलने गेले तर पाठवणारा सर्व्हर त्याच्यावर डीकेआयएम ही डोमेनच्या नावाची सही करतो. ती मजकुराच्या हॅशवर (ठशासारख्या छोट्या आकड्यावर) असते आणि तिची सार्वजनिक किल्ली डीएनएस या डोमेनच्या खुल्या नोंदवहीत कुणालाही मिळते. किल्लीसकट ते ईमेल तिऱ्हाईताला दिले की "हे पाकीट याच डोमेनवरून गेले" हे सिद्ध होते. आतल्या टॅगाची सारी मेहनत बाहेरच्या पाकिटाने वाया घालवली. सही केलेला गिट कमिट, टाइमस्टॅम्प सेवेची पावती, पीडीएफमधली संस्थेची सही यांनाही हेच लागू. टीएलएस १.३ (इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीची पद्धत) चालते. तिथली सही फक्त सुरुवातीच्या हस्तांदोलनावर असते, पुढचा मजकूर दोघांकडे असलेल्या सममित किल्लीने जातो आणि तो कुणीही एक बनवू शकतो.

दुसरी गळती किल्ली व्यवस्थापकाची. एट्सी या युरोपीय दूरसंचार प्रमाणक संस्थेच्या क्यूकेडी ०१४ या प्रमाणकात किल्ली आधी मागणारा एक कॉल वापरतो आणि त्याच आयडीने मागाहून घेणारा दुसरा. सही करायच्या क्षणी किल्ली मागितली तर व्यवस्थापकाच्या लॉगमध्ये "अमुक वेळी अमुक आयडी पहिल्यांदा याने उचलला" अशी ओळ बसते. उपाय: दोघांनी दिवसाचा गठ्ठा सकाळीच उचलायचा आणि खण स्वतःच्या यंत्रावर पाडायचे. सम खण एका दिशेला, विषम दुसऱ्या दिशेला, हे ठीक आहे. दोन्ही प्रकारचे खण दोघांकडे असतात, त्यामुळे सहीकर्त्याच्या दिशेचे पाकीटही पडताळक बनवू शकतो.

५ मार्च: मधले नोड

दोन टोकांत थेट फायबर नसेल आणि विश्वासू नोड (किल्ली पुढे पोचवणारे केंद्र) मध्ये असेल तर त्या नोडला किल्ली कळते. मग तोही सही तपासू शकतो आणि खोटी सहीही करू शकतो. "फक्त नेमलेला" हे विधान तिथे खोटे ठरते, आणि रचनेच्या वर्णनात ते लपवू नये. दोन वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्या आणून त्यांची एक्सॉर घ्यायची. मग दोन्ही वाटांवरचे नोड संगनमत करतील तरच किल्ली फुटते. मात्र क्यूकेडीचा खर्च दुप्पट होतो. वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. नकाशावर दोन रेषा आणि जमिनीत एकच नळी, असे असले तरी नोड वेगळे असतील तर गुप्तता टिकते, पण एक खोदकाम दोन्ही बंद पाडते.

जोड्यांचा प्रश्न आहेच. सार्वजनिक किल्ली नसल्याने प्रत्येक जोडीला स्वतंत्र साठा लागतो. २० कार्यालयांना १९० साठे. मोजक्या पुरवठादारांसाठी हे चालते, खुल्या बाजारासाठी नाही.

१२ मार्च: टॅग न जुळल्यास

एक टॅग चुकला की किल्ली फेकून द्यायची, असा कडक नियम ठेवला तर खोडसाळ माणूस कचरा पाठवून साठा रिकामा करू शकतो. एका खणावर १,००० प्रयत्नांपर्यंत मुभा दिली तर खोटी सही लागण्याची शक्यता १ एमबीसाठीही १,००० × २^−४७, म्हणजे ७ × १०^−१२. किल्लीच्या १०^−१० पेक्षा हे कमीच. म्हणून मर्यादा १,०००. टॅग जुळताच खण बंद. त्याच खणावर दुसरे पाकीट आले, टॅग जुळत असला तरी, नाकारायचे. तुलना सगळे ८ बाइट पाहून एकदम करायची. पहिला वेगळा बाइट दिसताच थांबणारी तुलना वेळेवरून टॅग फोडू देते.

वापरणाऱ्यांसाठीच्या कागदात दोन वाक्ये ठळक हवीत. पहिले: ही भारतातल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ३ मधली डिजिटल सही नाही. तिथे असममित किल्ल्यांची जोडी (एक गुप्त, एक सार्वजनिक) आणि हॅश अपेक्षित आहे, आणि इथली सही पडताळकही बनवू शकत असल्याने वादात ती पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. दुसरे: व्यवहार पक्का झाला की करारावर नेहमीची सही वेगळी घ्यावी, आणि त्या करारात या पाकिटाचा हॅश घालू नये, नाहीतर बोलणीतला दर करारासोबत सिद्ध होऊन बसतो.

राहिलेले: पडताळकाच्या बाजूचे "सही बनवा" हे बटण खऱ्या वापरात ठेवायचे. ते फक्त कागदावर असेल तर तिऱ्हाईत म्हणेल की या प्रोग्रॅममधून पडताळक पाकीट काढूच शकत नाही. आणि मग त्याचे बरोबर असेल.